सायक्सच्या नावापुढचा एक

लेस्टर हॅकवर्थने डेलबर्ट सायक्सचं डोकं फोडलं, ही गोष्ट वर्तमानपत्रात एका ओळीत आली. तीही बातमीत नाही. सामन्याच्या आकड्यांचा जो तक्ता छापतात, त्याच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत: चेंडू लागलेले – सायक्स, हॅकवर्थकडून. त्याच्या खाली अंपायरांची नावं आणि प्रेक्षक किती होते ते. मी त्या दिवशी हॅकवर्थच्याच संघात शॉर्टस्टॉप होतो, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा माझी. तक्त्यात काय नाही ते मला ठाऊक आहे, आणि आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

साल एकोणपन्नास, ऑगस्टचा शेवटचा रविवार. हार्डी फोर्कच्या खाणी रविवारी बंद, त्यामुळे झाडून सगळं गाव मैदानावर. आमची लीग वेस्ट व्हर्जिनियातली सगळ्यात खालच्या पायरीची. बस फुटकी, कपडे मागच्या खेळाडूच्या घामाचे. पण हॅकवर्थ त्या पायरीवर राहणाऱ्यातला नव्हता. सव्वासहा फुटी, केंटकीचा, माजोरडा, आईला पत्र लिहितानाही स्वतःची स्तुती करणारा माणूस. हात मात्र असा की त्याने फेकलेला चेंडू दिसायच्या आधी ऐकू यायचा. त्या दिवशी जाळीमागे एक गवती टोपीवाला बसला होता. वरच्या लीगमधल्या मोठ्या क्लबसाठी खेळाडू हेरणारा. आणि सहाव्या डावापर्यंत समोरच्या ब्रिस्कोच्या संघाला हॅकवर्थच्या चेंडूवर एकही हिट, म्हणजे मारून बेस गाठता येईल असा फटका, मिळाला नव्हता.

असा सामना चालू असला की पिचरशी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याशी, कोणी बोलत नाही. बाकड्यावर त्याच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी सोडतात. त्या शून्याचं नावही काढत नाहीत, पाणीसुद्धा त्याला विचारून देत नाहीत, नुसतं शेजारी ठेवतात. आमचा मॅनेजर पॉप ब्रँट तंबाखू चघळायचा थांबला होता, म्हणजे विचार करा.

सहाव्या डावात एक गडी बाद झाला आणि डेलबर्ट सायक्स बॅट घेऊन आला. तो ब्रिस्कोत नुकताच दाखल झाला होता. वय तिशीला टेकलेलं. ऐन उमेदीची वर्षं युद्धात गेली, उरलेली भावाच्या तंबाखूच्या शेतात, आणि आता कुठे त्याला पगारी बेसबॉल खेळायला मिळत होतं. सात सामन्यांत त्याने एकही हिट मारला नव्हता. त्या दिवशीही तिसऱ्या डावात तो तीन चेंडूंत हवा कापून परत गेला होता, आणि आमच्या पहिल्या बेसवाल्याने त्याला विचारलं होतं की काका, बॅट आणलीय की काठी.

या वेळी त्याने चेंडूला बॅट लावली. फटका काही सुरेख नव्हता. पण तो माझ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या खिंडीत खोल गेला, आणि मी उजवीकडे अंग झोकून दिलं. चेंडू माझ्या ग्लोव्हच्या बोटांच्या टोकांना चाटला आणि गवतात गेला. मी उठून फेकेपर्यंत सायक्स पहिला बेस ओलांडून पुढे गेला होता. मी बॅट घेतली की लोक शेंगदाणे आणायला उठत, हे मला मान्य आहे. पण माझे हात कुठवर पोचतात आणि कुठे संपतात, हे त्या मैदानावर माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. तो चेंडू कोणाच्याच बापाला सापडला नसता.

आता त्याला हिट म्हणायचं की एरर, म्हणजे माझी चूक, हे ठरवणार गुणलेखक. हिट असेल तर हॅकवर्थचं शून्य गेलं. एरर असेल तर शून्य शाबूत, डाग माझ्या नावावर आणि सायक्सच्या नावावर काहीच नाही. अशा सामन्यांत एक रीत असते: पहिला हिट लख्ख हवा. जरा शंका आली की तो एरर धरायचा आणि पिचरचं शून्य राखायचं. कुठल्या नियमात ते लिहिलेलं नाही, पण सगळे पाळतात. फलकावरचा गस पेनिंग्टन तर इतका पाळायचा की त्या दिवशी तो गुणलेखकाच्या खुणेसाठी थांबलाच नाही. शिडीवर उभ्या उभ्या त्याने एररची पाटी टांगली. मैदान खुशीने नुसतं ओरडलं. हॅकवर्थने टोपी काढून कपाळ पुसलं आणि चक्क हसला.

तेवढ्यात छपराखालच्या लाकडी खोलीत मिस व्हर्ना उभी राहिली.

मिस व्हर्ना टॅलफर आमची गुणलेखिका. तिचा नवरा गावच्या पेपरात खेळांचं पान लिहायचा आणि सामन्याचे आकडे ठेवायचा. तो गेल्यावर दोन्ही कामं तिनं उचलली. बाई महिनाभरात कंटाळेल असं गाव म्हणायचं. त्याला आता सातवं वर्ष चाललं होतं. तिनं उजवा हात सरळ वर केला. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच: हिट.

गसने ढगांकडे बघायला सुरुवात केली. मिस व्हर्नाचा हात वरच. अंपायरने खेळ थांबवला. लोकांना हळूहळू कळलं, आणि मग शिव्या सुरू झाल्या, बायकामाणसांसमोर कोणी देत नाही तसल्या. सोड्याची एक बाटली खोलीच्या फळीवर फुटली. दुसरी तिच्या भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं, ते तिनं डाव्या हातानं पुसलं, आणि उजवा हात होता तसाच ठेवला. शेवटी गसने खाली मान घालून एररची पाटी काढली आणि हिटची लावली.

इथवर निभावलं असतं. पण सायक्सने चेंडू मागितला.

मागायचाच असतो तो. पगारी खेळातला पहिला हिट मारला की तो चेंडू बाजूला काढून त्या खेळाडूला देतात, मग तो कुठल्याही संघाचा असो. घरी नेऊन लोक कपाटात ठेवतात. सायक्स पहिल्या बेसवर उभा राहून एखाद्या पोरासारखा हात पुढे करून हसत होता. अंपायर हॅकवर्थकडे गेला. हॅकवर्थ म्हणाला, "एररचा बॉल कोणी घरी नेत नाही," आणि त्याने तो चेंडू स्वतःच्या मागच्या खिशात घातला. अंपायरने स्टँडकडे बघितलं, आणखी बाटल्या मोजल्या असाव्यात, आणि गुपचूप आपल्या पिशवीतला नवा चेंडू त्याला दिला.

पुढच्या फटक्यावर आम्ही त्यांचा एक गडी बाद करेपर्यंत सायक्स दुसऱ्या बेसवर आला, माझ्या शेजारी. धापा टाकत होता. म्हणाला, त्यांच्या मॅनेजरने सकाळीच सांगितलं होतं, आजही हिट नाही झाला तर उद्या घरचं तिकीट. "आता राहिलो बघ," तो म्हणाला. "बॉलला हात तर लावलास ना तू?"

"टोकं लागली नुसती," मी म्हणालो.

"मग हिटच की," म्हणाला, आणि पुन्हा हसला. त्याचे पुढचे दोन दात लाकडी वाटावेत इतके पिवळे होते. मला तो माणूस आवडला.

डाव संपून बाकड्यावर आलो तेव्हा हॅकवर्थने एक बॅट उचलली आणि पाण्याच्या बादलीवर घालायला लागला. बादली चपटी झाली, तरी थांबेना. मग त्याने माझा गळा धरला आणि मला भिंतीला टेकवलं. त्याचं म्हणणं, मी वर खोलीकडे बघून नुसतं छातीवर हात ठेवायचा होता, चूक माझी अशी खूण करायची होती, बाकीचं गाव बघून घेणार होतं. मी त्याला म्हणालो की माझी चूक असती तर मीच पहिल्यांदा हात वर केला असता. त्याने माझं डोकं एकदा भिंतीवर आपटलं. पॉप ब्रँटने त्याला ओढून बाजूला केलं. माझ्या काळजीने नव्हे, त्याच्या हाताच्या. आणि तेव्हा पॉपने ते सांगितलं, जे त्याने सांगायला नको होतं: गुणलेखकाला चोवीस तासांत निकाल बदलता येतो. "तू पुढे कोणाला हिट देऊ नकोस, लेस्टर," तो म्हणाला. "बाईचं मी बघतो."

सातवा आणि आठवा डाव हॅकवर्थने असा टाकला की ब्रिस्कोचे लोक बॅट घेऊन यायला कचरत होते. आम्ही चार धावांनी पुढे होतो. नवव्या डावात पहिलाच पुन्हा सायक्स. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. तो प्लेटपाशी उभा राहिला, बॅटने माती सारखी केली. तेव्हा कोणी हेल्मेट घालत नसे. डोक्यावर नुसती कापडी टोपी.

हॅकवर्थने हातातला चेंडू ग्लोव्हमध्ये टाकला, मग पाठ फिरवून हाताला लावायची राळेची पूड उचलायला वाकला. मी त्याच्या मागेच होतो. खिशात गेलेला त्याचा हात मला दिसला. मला काय ते कळायच्या आत तो वळला होता. मोठ्याने म्हणाला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं, "बॉल हवा होता ना तुला? घे."

सायक्सने मान वर केली. त्यानं टाळायचा प्रयत्नही केला नाही, वेळच नव्हता. चेंडू डाव्या डोळ्याच्या कडेला लागला. तो आवाज मी नंतर एकदाच ऐकला, कोणीतरी हातोडीने कच्चा भोपळा फोडत होतं तेव्हा. मी तिथून उठून गेलो. सायक्स उभ्याउभ्या खाली आला, गुडघे आधी, मग तोंड. त्याचा एक पाय माती उकरत राहिला. कानातून रक्त येत होतं. चेंडू प्लेटपासून थोडा लांब गडगडत जाऊन थांबला, आणि त्याच्यावर एक काळा ओरखडा होता. सकाळीच मी माझ्या ग्लोव्हला बुटाचं काळं पॉलिश घासलं होतं. तो तोच चेंडू होता.

अशा वेळी काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं. समोरचा संघ बाकड्यावरून उठून पिचरवर धावतो आणि आपण आपल्या पिचरला झाकायला धावतो. ब्रिस्कोचे लोक धावले, दोघांच्या हातांत बॅटी होत्या. पण मी जवळ होतो. मी आधी पोचलो आणि माझ्याच पिचरच्या तोंडावर जीव खाऊन ठोसा मारला. नाक फुटलं त्याचं. तो पडला, मी त्याच्या छातीवर बसलो आणि मारत राहिलो. ब्रिस्कोचे लोक येऊन उभेच राहिले. मी कोणाच्या बाजूचा हेच त्यांना कळेना, त्यामुळे मारायचं कोणाला असा पेच पडला. तो पेच माझ्या संघाने सोडवला. आमच्या कॅचरने मला मागून केसांना धरून उचललं, तिसऱ्या बेसवाल्याने खिळ्यांच्या बुटाने बरगडीत लाथ घातली. मग ब्रिस्कोवाले त्यांच्यावर पडले, आणि मग कोण कोणाला का मारतंय ते काही राहिलंच नाही. एकाचा कान दातांत आला. बॅटीचा एक तडाखा आमच्या राखीव खेळाडूच्या कोपरावर बसला आणि तो गुरासारखा ओरडला. लोक कठडे ओलांडून आत आले. शेरीफच्या माणसांनी दंडुके काढले, आणि सगळ्यांत आधी मलाच हाणलं.

गोंधळ निवल्यावर अंपायरने दोघांना मैदानाबाहेर काढलं: मला, मारामारी सुरू केली म्हणून, आणि ब्रिस्कोच्या मॅनेजरला, शिव्या दिल्या म्हणून. हॅकवर्थचा चेंडू म्हणे हातातून सटकला होता. सायक्सला दार काढून त्याच्यावर झोपवून नेलं. हॅकवर्थने नाकात कापूस कोंबला, तीन गडी बाद केले आणि सामना संपवला. चार शून्य. ब्रिस्कोचे हिट, एक.

जाताना तो चेंडू मी उचलून शर्टात टाकला होता. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सोमवारी दुपारी क्लबचे मालक थर्लो बीचम माझ्या खोलीवर आले. मोटारी विकायचा धंदा होता त्यांचा, स्वतःची गाडी नवी कोरी, पिवळी. पुढे पॉप, मागे हॅकवर्थ, तोंड वांग्यासारखं सुजलेलं. मला हॅकवर्थच्या शेजारी बसवलं. बीचम वाटभर गोड बोलत होते. सायक्स बिचारा काही परत खेळणार नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. मग त्या एका हिटचा त्याला काय उपयोग? इथे एका तरुण माणसाचं आयुष्य मार्गी लागतंय, गावाचं नाव होतंय. मी मिस व्हर्नाच्या दारात एवढंच म्हणायचं की तो चेंडू मी धरायला हवा होता. माझी जागा पुढच्या वर्षीही पक्की.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ते समजले, पोरगं वळलं.

मिस व्हर्ना ओसरीवर आली. भुवईवर टाके, डोळा मिटलेला, हातात टपालाचा लिफाफा. लीगच्या कचेरीला जायचा तक्ता त्यात होता. चार वाजेपर्यंत तो बदलता आला असता. रात्री कोणीतरी तिच्या खिडकीतून वीट टाकली होती, काचा अजून ओसरीवर होत्या. बीचमनी टोपी काढून तिची चौकशी केली, आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, या क्लेलला काही सांगायचंय.

मी गाडीतून उतरलो होतो, उजवा हात दरवाज्याच्या चौकटीवर ठेवून उभा होतो. माझी जागा जाणार हे मला कळत होतं. दुसरं काही काम मला येत नव्हतं, खाणीत उतरण्याशिवाय. तरी सांगतो, मला विचार करावा लागला नाही. सायक्सचं डोकं फोडलं ते फोडलं, आता त्याच्या नावापुढचा तो एकुलता एकही ओढून काढायला हे लोक स्वच्छ सदरे घालून आले होते, आणि हत्यार म्हणून माझे हात आणले होते.

"मिस व्हर्ना," मी म्हणालो, "तो बॉल दहा वेळा मारला असता तर दहाही वेळा गेला असता. बदलू नका."

हॅकवर्थ गाडीतच बसला होता. त्याने आतून दरवाजा खेचला. पूर्ण ताकदीने, त्याच हाताने. माझी चार बोटं चौकटीत होती. मी ओरडलो असेन. मला आठवतं ते एवढंच, की दरवाजा नीट बंद झाला नाही म्हणून त्याने तो उघडला आणि पुन्हा एकदा खेचला.

मी गाडीला लटकून होतो. पॉप "लेस्टर, लेस्टर" करत नुसता नाचत होता. मिस व्हर्ना आत गेली. मला वाटलं दार लावून घेईल, आणि घेतलं असतं तर मी तिला बोल लावला नसता. ती नवऱ्याच्या कुदळीचा दांडा घेऊन बाहेर आली. पहिला घाव पुढच्या काचेवर, दुसरा दिव्यावर, आणि तिसरा, हॅकवर्थ उतरायला लागला तेव्हा, त्याच्या गुडघ्यावर. तो पायरीवर कोसळला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

"ही कोणाची एरर लिहू, मिस्टर बीचम?" तिनं विचारलं. तिचा श्वासही चढला नव्हता.

बीचम तिच्याकडे नाही, गाडीकडे बघत होते. मग तिनं माझा हात स्वतःच्या झग्याच्या पट्ट्याने गुंडाळला, लिफाफा काखेत मारला आणि मला घेऊन चालत निघाली. वाटेत आधी पोस्ट लागतं, मग डॉक्टर. ती मला म्हणाली, आधी डॉक्टर. मी म्हणालो, आधी पोस्ट.

गवती टोपीवाल्याचं राहिलंच. बीचम तसेच फुटक्या काचेने त्याच्या हॉटेलवर गेले, तो एक हिट म्हणजे बाईचा हट्ट होता हे पटवायला. तो पीच घातलेली गोड पेस्ट्री खात बसला होता. त्याला कळेचना हे कशाबद्दल बोलताहेत. म्हणाला, हिट मी मोजत नाही, हात बघतो. तुमचा पोरगा मी शुक्रवारीच घ्यायचा ठरवला होता, रविवारी गाडी नव्हती म्हणून सामना बघत बसलो. हे मला पॉपने नंतर सांगितलं, हसत हसत. मी उठून गेलो नसतो तर डाव्या हाताने त्यालाही मारलं असतं. त्या शून्यासाठी आम्ही सगळ्यांनी एकमेकांची हाडं मोडली, आणि ज्याच्यासाठी मोडली त्याला ते नकोच होतं. कोणाला त्याला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही.

शेरीफ म्हणाला, खेळात लागतं. हॅकवर्थ लंगडत वरच्या लीगमध्ये गेला. माझी दोन बोटं पुन्हा वळली नाहीत.

त्या आठवड्याच्या शेवटी मी जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. सायक्स शुद्धीवर आला होता. डावा डोळा गेला होता, त्या बाजूचं तोंड बांधलेलं. त्याने मला विचारलं, तू कोण. मी सांगितलं, हार्डी फोर्कचा शॉर्टस्टॉप. त्याला हार्डी फोर्कही आठवेना. बसमध्ये चढलेला आठवत होता, पुढचं सगळं पुसलेलं. सामना नाही, हिट नाही, माझ्या शेजारी उभा राहून हसला होता तेही नाही.

मी पेपरातला तक्ता त्याच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. तो बोट फिरवत खाली आला: सायक्स, दोन पाळ्या, एक हिट. तिसरी पाळी त्यात नव्हती. चेंडू अंगावर लागला तर नियमाने ती पाळी धरतच नाहीत. तो बराच वेळ त्या एकावर बोट ठेवून होता.

"खरा होता का?" त्याने विचारलं. "का माझी दया आली म्हणून दिला?"

"दया कसली? दिला तेव्हा तू धडधाकट उभा होतास, हसत."

मग मी त्याला तो फटका सांगितला. खिंडीत कसा गेला, मी कसा पडलो, बोटांची टोकं कशी लागली. त्याने पुन्हा सांगायला लावलं. प्लास्टरमधला हात हलवून मी पुन्हा सांगितलं. तो डोळा मिटून ऐकत होता, आपलीच गोष्ट दुसऱ्या कोणाची असल्यासारखी, आणि ओठ हलवत होता, पाठ करत असावा. नर्स येऊन ओरडून गेली.

मी खिशातून चेंडू काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो बोटांनी फिरवला, मग डोळ्याजवळ नेला.

"हा काळा डाग कसला?"

"माझ्या ग्लोव्हच्या पॉलिशचा. इथे लागला, बघ, एवढासाच."

त्याने चेंडू आणखी फिरवला. शिवणीजवळ तपकिरी वाळलेलं होतं, त्यात दोन केस चिकटलेले. "आणि हा?"

मी खोटं बोलायला गेलो होतो. जमलं नाही. "तो तुझा," मी म्हणालो. "चेंडू तोच होता."

 बांधलेल्या बाजूला त्याने एकदा हात नेला आणि परत आणला. मग चेंडू उशाशी ठेवला, आणि काळा डाग वर येईल असा नीट फिरवून ठेवला.